शब्दांची घराणी

गेल्या जानेवारीत आमच्या कार्यालयातील एका लिपिकांची कन्या एक जाडजूड पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीवर्गांत प्रवेश मिळण्यासाठी 2022 सालापासून जी सामायिक परीक्षा घेतली जाते, तिला ती बसणार होती. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. इतर विषयांची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती ती इंग्रजीच्या पेपराची. त्या पुस्तकात तीन हजार शब्द वर्णानुक्रमाने मांडलेले होते, प्रत्येकापुढे एक प्रतिशब्द. आणि रोज पन्नास या हिशेबाने ती 'डी' या अक्षरापर्यंत येऊन पोहोचली होती. मी सहज 'ए'च्या पानावरचे दहा शब्द विचारले. चार आले. "काका, पाठ तर केले होते हो," एवढेच ती म्हणाली आणि खाली मान घालून बसली.

तिला दोष देण्याचा मला अधिकार नव्हता. मीही अशाच एका यादीवर पोसलेला. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका सरळमार्गी कारकुनाचा गोपनीय अहवाल लिहिताना मी त्याच्यासंबंधी 'ऑब्सिक्वियस' हे विशेषण मोठ्या ऐटीने योजले. माझ्या यादीत त्याचा अर्थ 'आज्ञाधारक' असा दिलेला होता. काही शतकांपूर्वी तो अर्थ होताही. परंतु आजच्या इंग्रजीत त्या शब्दाने लाळघोट्या, हांजी हांजी करणारा मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. वरिष्ठांनी समासात प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठविला म्हणून बरे. एरवी त्या गृहस्थांची बढती माझ्या शब्दसंग्रहापायी अडली असती.

याद्या का विसरतात, याचे उत्तर जुनेच आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतः पाठ करून आपल्या विस्मृतीचे मोजमाप केले आणि ते 1885 साली प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी पुष्कळसा भाग पहिल्या काही तासांतच गळून जातो, आणि थोड्या थोड्या अंतराने पुन्हा आठवण केली तर ही गळती मंदावते, असे त्याला आढळले. आता, ज्या शब्दाचे कूळ ठाऊक नाही आणि जो कोणत्याही वाक्यात आपल्याला भेटलेला नाही, तो शब्द आणि एबिंगहाउसची निरर्थक अक्षरे यांत फरक तो किती?

मग शब्दाला कूळ कोठून आणावयाचे? येथे मराठी विद्यार्थ्याच्या घरात एक पुरलेला हंडा आहे, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ताच नसतो. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळातून निघालेल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. इंग्रजीतील विद्वज्जनांचे बहुतेक शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेले, आपले संस्कृतातून. म्हणजे ही चुलत भावंडेच झाली.

'ज्ञा' हा धातू घ्या. अज्ञ, प्रज्ञा, संज्ञा, अभिज्ञ हे शब्द आपल्याला कोणी पाठ करावयास लावले नव्हते. त्याच मूळातून लॅटिनच्या वाटेने 'कॉग्निशन', 'रेकग्नाइझ', 'इग्नोरंट' आले आणि ग्रीकच्या वाटेने 'डायग्नोसिस', 'अ‍ॅग्नॉस्टिक' आले. 'स्था'चा गोतावळा तर याहून मोठा. आपण अवस्था, संस्था, प्रतिष्ठा, उत्थान म्हणतो; तिकडे 'स्टेबल' म्हणजे स्थिर, 'ऑब्स्टॅकल' म्हणजे वाटेत आडवे उभे राहिलेले, 'आर्मिस्टिस' म्हणजे शस्त्रे जागच्या जागी थांबणे, 'डेस्टिट्यूट' म्हणजे बाजूला टाकून दिलेला, निराधार. आहार, विहार, संहार, परिहार हे ज्याने शाळेत शिकले आहे, त्याला उपसर्ग धातूला कोठच्या कोठे नेतो हे निराळे सांगावे लागत नाही. आणि माझा तो 'ऑब्सिक्वियस'? त्याच्या पोटात 'मागोमाग जाणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. 'सीक्वेल' आणि 'कॉन्सिक्वेन्स' त्याचीच लेकरे. त्याचा संस्कृत भाऊ 'सच्', म्हणजे सोबत असणे, आणि त्यापासून आपला 'सचिव'. सचिवाने लाळ घोटावी असा यातून अर्थ काढू नये, एवढी विनंती मी या खात्याचा एक सेवक म्हणून करतो!

मात्र कूळ कळले म्हणजे स्वभाव कळला असे नव्हे. 'प्रॉग्नोसिस' आणि 'प्रज्ञान' यांची घडण जवळजवळ एक आहे. पण पहिला शब्द रोगाच्या पुढील वाटचालीचे भाकीत सांगतो. 'इन' हा उपसर्ग तर दुतोंडी: 'इन्कॅपेबल'मध्ये तो नकार देतो, पण टँकरच्या पाठीवर लिहिलेल्या 'इन्फ्लेमेबल'चा अर्थ 'न पेटणारे' असा कोणी घेतला तर अनर्थ ओढवेल. 'इन्व्हॅल्युएबल'पाशी विद्यार्थी हटकून फसतो. वस्तुतः आपल्या 'अमूल्य' शब्दाची घडण तीच आहे, आणि 'अमूल्य' म्हणजे कवडीमोल असे आपण कधी समजत नाही. धातूवरून अटकळ बांधावी, निवाडा मात्र वाक्याकडून घ्यावा. या परीक्षेत बरोबर उत्तराला 5 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरापायी 1 गुण कापला जातो. तेव्हा नुसत्या अटकळीवर विसंबणे महागात पडते.

इंग्रजीचा दुसरा निम्मा संसार मूळच्या सॅक्सन घरातला आहे, आणि तेथे धातूंची ही किल्ली फारशी चालत नाही. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे, 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे. मुले यांना छोटे शब्द म्हणून सोडून देतात आणि तेथेच ठेचकाळतात. पण परकीयाला 'देऊन टाकणे', 'देऊन ठेवणे' आणि 'देऊन बसणे' यांतला भेद समजावून पाहा! सोसण्याची पाळी दोन्हीकडे सारखीच आहे. प्रतिशब्दांचेही असेच. 'बिगिन' आणि 'कमेन्स' यांचा कोशातील अर्थ एक. परंतु खाणावळीत बसून 'एक पेला जल आणा' असे आपण म्हणत नाही.

कोणते शब्द आधी शिकावेत, याविषयी दोन नावे सांगण्याजोगी आहेत. ढाक्याला अध्यापकांना शिकविणारे मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास केला, आणि पुढे 1953 साली सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे 2000 शब्दांची सूची प्रसिद्ध केली. न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली शैक्षणिक लेखनातील 570 शब्दकुळे निवडली. अशा लेखनातील सुमारे दहा टक्के शब्द या कुळांतले असतात. हेही याद्याच, हे खरे. पण त्या वापराच्या काट्यावर तोललेल्या आहेत. दुर्मिळ शब्दांचे माहात्म्य परीक्षकांच्या मनातूनही उतरत चालले आहे. 1926 पासून चालत आलेल्या अमेरिकेतील 'सॅट' परीक्षेने विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न 1994 साली, आणि शब्दसंबंधांचे 2005 साली काढून टाकले. आता तेथे उताऱ्यातील शब्दाचा त्या जागी होणारा अर्थ विचारतात.

त्या मुलीला मी शंभर पानी वही दिली. डाव्या पानावर शब्द, आणि तो जेथे भेटला ते संपूर्ण वाक्य; उजव्या पानावर त्याचे गोत्र आणि तिचे स्वतःचे एक वाक्य. रोज आठच शब्द, तेही वर्तमानपत्राच्या अग्रलेखातून किंवा पाठ्यपुस्तकातील उताऱ्यातून वेचलेले. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने वही झाकून आठवून पाहावयाचे. चार महिन्यांत हे शब्द हजाराच्या घरात जातात. तीन हजारांपेक्षा हा आकडा लहान आहे, हे तिच्या वडिलांना पटवून देताना मला पुष्कळ बोलावे लागले.

मार्चमध्ये एका रविवारी ती वही दाखवावयास आली. वाक्ये अजून अडखळत होती, पण तिची स्वतःची होती. निघताना उंबऱ्याशी थांबून तिने विचारले, "काका, पहिल्याच्या मागून येतो तो दुसरा, मग 'सेकंड' हा शब्दही त्या सचिवांच्याच घरातला का हो?" मला ठाऊक नव्हते. आम्ही दोघांनी कोश उघडला. शब्द त्याच घरातला निघाला.