होडी पळत का नव्हती?

आमच्या विज्ञान मंडळाची पहिली कॅटमरान होडी बाभूळगाव तालुक्यातल्या एका शेततळ्यात सोडली, तेव्हा काठावर पंधरा-वीस मुले जमली होती. होडी ६० सें.मी. लांब होती आणि तिच्यात घरच्या मिक्सरएवढ्या ताकदीची विजेची मोटर होती. खटका दाबताच तिने नाक वर केले, शेपूट पाण्यात दाबली आणि नांगर ओढणाऱ्या बैलासारखी फुरफुरत ती निघाली. आवाज मोठा, वेग मात्र सायकलचा. आम्ही आणखी मोठा पंखा लावला, तेव्हा मोटर तापली. वेग काही वाढला नाही.

दोष मोटरीत नव्हता, हे समजायला आम्हांला दोन महिने लागले.

आधी हे पाहू की कोणत्याही होडीला पाणी अडवते कसे. होडी चालली की नाकापाशी लाट उठते. वेग वाढतो तसतशी या लाटेची लांबीही वाढते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली, की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते आणि पुढचा सगळा प्रवास तिला चढाचा होतो. हा वेग काढणे सोपे आहे. लांबीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि त्याला १.२५ ने गुणा. उत्तर मीटर प्रतिसेकंद येते. आमच्या होडीसाठी ते ०.९७, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटर. रमतगमत चालणारा माणूसही तिला मागे टाकील!

या चढावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे होडी अरुंद करणे. अरुंद होडी पाणी कमी बाजूला सारते, म्हणून लाटही लहान उठते. पण अरुंद होडी कलंडते. मग अशा दोन होड्या अंतर ठेवून शेजारीशेजारी जोडायच्या. प्लास्टिकची एक रिकामी बाटली पाण्यात गडगडते. दोन बाटल्या काड्यांनी जोडल्या की सहजासहजी उलटत नाहीत, हे वर्गात घमेल्यात दाखवता येते. गेटवे ते मांडवा जाणाऱ्या कॅटमरान बोटी याच तत्त्वावर आहेत. (नाव तमिळ आहे. कट्टु म्हणजे बांधणे, मरम् म्हणजे लाकूड. गंमत अशी की मूळ कट्टुमरम् हा ओंडके एकत्र बांधलेला तराफा. दोन अंगांच्या होडीला ते नाव नंतर चिकटले.)

दुसरा उपाय म्हणजे पाण्यात राहायचेच नाही, पाण्यावर चढायचे. तळ्यात चपटा दगड तिरका फेकून आपण भाकऱ्या काढतो, तेच हे तत्त्व. सपाट तळ किंचित तिरका ठेवून वेगाने नेला, की पाणी त्याला वर ढकलते. लहान वेगवान कॅटमरानमध्ये याच्या जोडीला दोन पायांमधल्या बोगद्यात (मुलांनी दोन्ही अंगांना ‘पाय’ हे नाव दिले होते) हवा कोंडते आणि तीही वर उचलते. होडी पुरेशा वेगात आली की पायांची मागची टोके आणि अर्धा पंखा, एवढेच पाण्यात उरते.

आमची होडी वर चढतच नव्हती. आमचा गणिती अंदाज काही वाईट नव्हता. मोटर दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे घेणारी, बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे मोकळे २२,२०० फेरे. ओझ्याखाली त्यातले ८० टक्के धरले तर सेकंदाला २९६. पंखा एका फेऱ्यात ४९ मि.मी. पुढे सरकणारा. गुणाकार केला की ताशी ५२ किलोमीटर येतात. पाणी घसरते म्हणून चौथा हिस्सा वजा केला तरी ३९. प्रत्यक्षात? काठावर १० मीटर अंतरावर दोन बांबू रोवले आणि मोबाइलवर चित्रण केले. चित्रणात सेकंदाला ३० चित्रे असतात. दोन बांबूंमध्ये ९४ चित्रे मोजली. म्हणजे ३.१ सेकंद, ताशी साडेअकरा किलोमीटर.

उत्तर नववीतल्या एका मुलीने भांडी घासताना शोधले. तुम्हीही करून पाहा. चमच्याच्या दांड्याचे टोक दोन बोटांत सैल धरा आणि चमच्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला हळूच लावा. धार चमच्याला दूर ढकलेल असे वाटते; उलट चमचा धारेत ओढला जातो. पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळते आणि वळताना पृष्ठभागाला आपल्याकडे खेचते.

आम्ही होडी घासून गुळगुळीत केली होती. अगदी प्रेमाने! तळ आणि मागची उभी भिंत जिथे मिळतात ती कडही गोल केली होती. पाणी तिथून सुटण्याऐवजी कडेला चिकटून वर वळत होते आणि शेपूट खाली खेचत होते. शेपूट खाली म्हणून नाक वर, नाक वर म्हणून चढ जास्त.

दुरुस्तीला एक संध्याकाळ पुरली. मागच्या भिंतीला चिकटपट्टी लावून ती तळाच्या बाहेर थोडी ठेवली, त्या खाचेत इपॉक्सी भरले आणि वाळल्यावर सपाट ठोकळ्याला घासकागद गुंडाळून कड नखाला टोचेल इतकी धारदार केली. (इपॉक्सीच घ्या. फायबरकामाचे स्वस्त पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोल खाऊन टाकते. आमचा पहिला साचा त्यातच विरघळला.) तीच मोटर, तोच पंखा. बांबूंमध्ये या वेळी ३४ चित्रे आली. ताशी ३२ किलोमीटर.

हे शाळेत करणार असाल तर दोन गोष्टींत आम्ही तडजोड करत नाही. लिथियमची बॅटरी राखणदाराशिवाय चार्ज करायची नाही आणि फुगलेली बॅटरी वापरायची नाही. दुसरी गोष्ट शेततळ्याची. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक शेततळ्यांना प्लास्टिकचे अस्तर असते. ते ओले झाले की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही आणि खोली तीन मीटरपर्यंत असते. होडी मध्येच बंद पडली तर कोणीही पाण्यात उतरायचे नाही. दोरीला बांधलेला टेनिसचा चेंडू होडीपलीकडे फेकून ती ओढून घ्यायची. होडीच्या पायांत थर्मोकोल भरलेला असेल तर ती बुडत नाही, घाई कसलीच नसते. काठावर टाकलेली गाठींची दोरी आणि हवा भरलेली ट्यूब तरीही हवीच.

कड धारदार झाल्यावर नवी अडचण आली. पूर्ण वेगात होडी नाकावर हवा घेऊन उताणी पडू लागली. बोगद्यातल्या हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि आमचा तोलबिंदू मागच्या टोकापासून १५ सें.मी.वर होता, लांबीच्या ३० टक्के, म्हणजे १८ सें.मी. तरी हवा. होडी १२०० ग्रॅम, बॅटरी २५० ग्रॅम. तोल ३ सें.मी. पुढे न्यायला बॅटरी किती सरकवायची? मुलांनी फळ्यावर १४.४ सें.मी. काढले. तेवढी जागा पुढे नव्हती, म्हणून मधला आडवा पडदा कापावा लागला.