पिकअप किती वेगाने हाणावी?



लागण, खत आणि पाचट यांवर लिहिणाऱ्या आम्ही या अंकात गाडीच्या वेगावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गटागटांतून फिरताना एक गोष्ट नजरेत भरते. ज्या वस्तीवर पूर्वी बैलगाडी आणि फार तर एखादी मोटारसायकल असायची, तिथे आज दारात पिकअप, छोटा हत्ती नाहीतर मारुती व्हॅन उभी आहे. बेणे तिच्यातून, खताची पोती तिच्यातून, दुधाचे कॅन तिच्यातून आणि टोमॅटोचे कॅरेट रातोरात पुण्याला किंवा वाशीला तिच्यातूनच. गाडी घरची, चालवणारा बहुतेक घरचाच पोरगा. मात्र ही गाडी कोणत्या रस्त्यावर किती वेगाने चालवायची, असे दहा जणांना विचारले तर दहा उत्तरे मिळतात. "हायवेला शंभर चालतंय की साहेब," हे सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर. ते पिकअपला लागू नाही.

मुळात घोटाळा असा होतो की, वेगाची मर्यादा रस्त्याची असते असे आपण धरून चालतो. ती रस्त्याची आहेच, पण गाडीच्या जातीचीही आहे. केंद्र शासनाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली ६ एप्रिल २०१८ रोजी अधिसूचना काढून कमाल वेग ठरवून दिले. त्यात चालक सोडून आठपर्यंत आसने असलेल्या प्रवासी गाडीला द्रुतगती मार्गावर ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चार किंवा अधिक पदरी रस्त्यावर १००, आणि नगरपालिका हद्दीत व इतर रस्त्यांवर ७० अशी मर्यादा आहे. नऊ किंवा त्याहून जास्त आसनांच्या गाडीला हेच आकडे १००, ९० आणि ६० होतात. मालवाहू गाडीला, मग ती दहा चाकी ट्रक असो की आपली पिकअप, द्रुतगती मार्गावर ८०, चौपदरीवर ८० आणि बाकी सगळीकडे ६०.

म्हणजे बघा, दोन भावांच्या दोन व्हॅन आहेत. एकीत आसने आहेत आणि तिची नोंदणी प्रवासी म्हणून झालेली आहे. दुसरी मागे मोकळी, माल भरायला घेतलेली, नोंदणी मालवाहू. दोन्ही बाहेरून सारख्याच. पण केंद्राच्या आकड्यांप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर पहिलीला १०० ची मुभा आणि दुसरीला ८०. दोघे एकामागे एक ९५ ने गेले तर एक कायद्यात आणि एक कायद्याबाहेर. तेव्हा आपले नोंदणी पुस्तक एकदा उघडून गाडीचा वर्ग पाहून घ्यावा.

आणखी एक बाब. हे आकडे म्हणजे वरची शेवटची हद्द आहे. राज्य शासनाला ती एखाद्या रस्त्यावर कमी करता येते, वाढवता येत नाही. म्हणूनच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीलाही फलकावर १०० च दिसते आणि घाटात त्याहून बरीच कमी. वाशीला माल घेऊन जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी धरावे. त्या मार्गावर २०२४ पासून कॅमेरे बसले आहेत. कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून पुढे पुन्हा सोडणारे हुशार लोक आहेत. पण दोन कमानींमधला वेळ मोजून सरासरी वेग काढण्याची सोय तिथे आहे, तेव्हा ती हुशारी चालत नाही. शाळेची मुले नेणाऱ्या गाड्यांना राज्याचे वेगळे नियम आहेत, त्याचा विचार इथे केलेला नाही.

आता ६० आणि ८० यांत फरक तो काय? आपल्या भाषेत सांगायचे तर सऱ्या मोजाव्यात. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले धरा. ताशी ४० ला गाडी थांबायला अंदाजे ७७ फूट लागतात, म्हणजे पाच फुटी सरीच्या पंधरा सऱ्या. ६० ला १४६ फूट, म्हणजे जवळजवळ तीस सऱ्या. ८० ला २३५ फूट, सत्तेचाळीस सऱ्या. वेग दुप्पट झाला तर अंतर तिप्पट होते. हे कोरड्या रस्त्याचे झाले. पावसात, झिजलेल्या टायरवर, मागे दीड टन माल असताना किती सऱ्या लागतील ते ज्याने अनुभवले आहे तोच सांगेल. रात्री डिपरवर उजेड चाळीस-पन्नास मीटर पडतो, म्हणजे उणीपुरी तीस-बत्तीस सरी. त्यापुढे उभी असलेली ट्रॉली ८० च्या वेगात दिसली तरी उपयोग नाही.

ट्रॉलीचे नाव आम्ही उगाच काढले नाही. २०२३ च्या आडसाली लागणीतली गोष्ट आहे. दोन एकरांची रोपे पुण्याकडील एका रोपवाटिकेतून आणायची होती. भाड्याने पिकअप ठरवली, चालक आपल्याच एका सभासदाचा मुलगा. पहाटे साडेचारला रोपे भरून तयार होती. लागणीची माणसे लवकर येणार म्हणून आम्ही त्याला फोनवर बजावले, "साडेसहाला रोपं बांधावर पाहिजेत." अंतर १४० किलोमीटर. त्यातले ९० चौपदरी आणि ५० साधा दुपदरी रस्ता.

पावणेसहाच्या सुमारास चौपदरी सोडून तो दुपदरीला लागला होता. रिमझिम चालू, पुरते उजाडलेले नव्हते. एका गावाच्या अलीकडे मळी भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला अर्धी आत अर्धी बाहेर उभी, मागे लाल दिवा नाही की चकाकणारी पट्टी नाही. वेग पंचाहत्तर-ऐंशी होता, हे त्याने स्वतःच नंतर सांगितले. ट्रॉली चुकवली, पण गाडी चारीत उलटली. पोराचा पाय मोडला, तीन महिने घरी बसला. रोपांचे ट्रे चिखलात. इकडे माणसे दुपारपर्यंत बांधावर बसून राहिली आणि गेली.

दवाखान्यात त्याला भेटायला गेलो तेव्हा तो आम्हाला म्हणाला, "साहेब, टायमात यायला बघत होतो." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

हिशेब आम्ही नंतर केला. ९० किलोमीटर ८० ने आणि ५० किलोमीटर ६० ने, कुठेही ब्रेक न लावता, एक तास अठ्ठावन्न मिनिटे होतात. दिलेले होते दोन तास. टोलनाका, खंबाटकीचा घाट, वाटेतली गावे आणि एक कप चहा, या सगळ्याला मिळून दोन मिनिटे. म्हणजे वेळ सांगतानाच आम्ही त्याला मर्यादा मोडायला सांगितले होते. शिवाय रोपांचे म्हणाल, तर उघड्या हौद्यात वाऱ्याने कोवळी पाने सुकतात. ती शेडनेट झाकून, सावकाशच आणायची असतात. हे शेतकऱ्याला शिकवणारे आम्हीच.

कायदाही हेच पाहतो, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. कलम १८३ प्रमाणे वेग मोडणाऱ्या हलक्या वाहनाच्या चालकाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा केला तर परवाना अडकतो. पण त्याच कलमात नोकराला किंवा आपल्या हाताखालच्या माणसाला वेग मोडायला लावणारा मालकही दोषी धरलेला आहे. आणि अमुक वेळेत पोचच, असे फर्मान असे निघाले की मर्यादा पाळून ते शक्यच नव्हते, तर ते फर्मान हाच सोडणाऱ्याविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा. मार्केटला सौदे निघायच्या आत पोच, असे आपण पोराला सांगतो तेव्हा निघायची वेळही आपणच ठरवलेली असते. ती तासभर अलीकडे घेतली की झाले.

ट्रॉलीवाल्या सभासदांनाही दोन शब्द. हंगामात ताशी वीसने चाललेल्या उसाच्या ट्रॉलीमागे पिकअप ८० ने आली तर पन्नास मीटरांचे अंतर तीन सेकंदांत संपते. मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी पट्टी झाकली जाते, ती काढून टाकावीत. चाक पंक्चर झाले तर ट्रॉली रस्त्यात सोडून जेवायला जाऊ नये. निदान मागे काही अंतरावर पट्टी लावलेला डबा तरी ठेवावा.

रोपे व बेणे आणण्यासाठी शेतकी विभागाकडून दिल्या जाणाऱ्या चिठ्ठीत पूर्वी 'पोहोचण्याची वेळ' असा रकाना होता. तो आम्ही काढून टाकला आहे. आता तिथे निघण्याची वेळ आणि रस्ता लिहितो, आणि लागणीची माणसे रोपे बांधावर उतरल्यावरच बोलावतो.