अकालजात अर्भक

अकालजात अर्भक : मातेच्या अखेरच्या आर्तवाच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकास ‘अकालजात’ म्हणतात. केवळ वजनावरून (२·५ किग्रॅ. पेक्षा कमी) असे ठरविणे चुकीचे असते, कारण पूर्ण दिवसांचे, परंतु गर्भाशयात नीट पोषण न झालेले अर्भकही तितकेच हलके असू शकते.

इंद्रियांची अपक्वता हे बहुतेक विकारांचे मूळ होय. वायुकोशांतील पृष्ठताण कमी करणारा पदार्थ फुप्फुसांत गर्भावधीच्या अखेरीसच पुरेसा तयार होतो. तो नसल्यास उच्छ्‌वासाबरोबर वायुकोश मिटतात, अर्भक कण्हते व निळे पडते. अकाली प्रसूती अटळ दिसताच मातेस कॉर्टिकोस्टेरॉइडाची अंतःक्षेपणे दिल्यास फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील लिगिन्झ व हाउई यांनी दाखविले. चोखणे व गिळणे यांचा मेळ सु. ३४ व्या आठवड्यापर्यंत बसत नाही; तोवर आईचे दूध नळीने जठरात सोडतात. ते अपुरे पडल्यास उपयोगी पडावी अशी दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

त्वचा पातळ व चरबी अल्प असल्याने अर्भक फार लवकर थंड पडते. अजिंठा घाटाच्या पायथ्याच्या फर्दापूरसारख्या गावाहून छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) शासकीय रुग्णालय सु. १०० किमी. आहे. एवढ्या प्रवासात कपड्यांत गुंडाळण्यापेक्षा आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा भिडवून, वरून पांघरूण घालून नेणे श्रेयस्कर. ही ‘कांगारू’ पद्धती १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे उबपेट्यांच्या टंचाईतून निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ती जन्मापासूनच अवलंबिण्याची शिफारस केली.

रुग्णालय दूर असले, तरी पुष्कळ काही घरी साधते. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी ऊब, स्तनपान, श्वासरोध व जंतुसंसर्ग यांवर घरीच उपचार करविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युमान तुलनेच्या गावांपेक्षा सु. ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने ‘आशा’ सेविकांमार्फत असे गृहभेटींचे काम देशभर आरंभिले.

ऑक्सिजन प्राण वाचवितो, पण अतिरेक झाल्यास जालपटलातील अपक्व रक्तवाहिन्या विकृत होऊन अंधत्व येऊ शकते. डोळा बाहेरून निर्दोष दिसतो. म्हणून २ किग्रॅ. पेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक अर्भकाची, ते घरी परतून बाळसे धरू लागले असले तरी, ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ञाकडून तपासणी करवितात. विकृती वेळीच आढळल्यास लेसर उपचाराने दृष्टी बहुधा वाचते.