प्रवाह तोडायचा नाही: करंट सोर्स कन्व्हर्टरच्या पीडब्ल्यूएमबद्दलचे गैरसमज

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात व्होल्टेज सोर्स इन्व्हर्टर सावकाश, मन लावून शिकवला जातो. करंट सोर्सची वेळ आली की मात्र ‘त्याचंच उलटं’ एवढं सांगून बहुतेक ठिकाणी पुढे जातात. हे मला फार खटकतं, कारण या एका वाक्यातून तयार झालेले गैरसमज पुढे ड्राइव्हच्या पॅनेलसमोर उभं राहिल्यावरही सुटत नाहीत.

गैरसमज: एका लेगमधले दोन्ही स्विच एकदम चालू झाले, की कन्व्हर्टर गेलाच.

व्होल्टेज सोर्समध्ये हे खरं आहे, कारण तिथे डीसी बाजूला भरलेला कॅपॅसिटर बसलेला असतो. करंट सोर्समध्ये त्याच्या जागी चोक असतो. इथे शॉर्ट होण्याचं भय नाही, वाट तुटण्याचं आहे. 20 मिलिहेन्रीच्या चोकमधून 100 अँपिअर वाहत असताना ती वाट एका मायक्रोसेकंदात तोडली, तर हिशेबाने 20 लाख व्होल्ट उभे राहायला हवेत. तेवढे होण्याच्या कितीतरी आधी स्विच फुटतो.

म्हणून नियम असा: स्विच बदलण्याचा क्षण सोडला, तर नेहमी वरच्या तिघांतला एक आणि खालच्या तिघांतला एक, असे नेमके दोन स्विच चालू हवेत. यातून नऊ स्थिती मिळतात, सहा सक्रिय आणि तीन शून्य. शून्य स्थितीत एकाच लेगचे दोन्ही स्विच चालू असतात आणि करंट लोडकडे न जाता तिथूनच चोककडे परततो. व्होल्टेज सोर्समध्ये जो अपघात, ती इथली ठरवून वापरायची नेहमीची स्थिती.

स्विच बदलतानाही डेड टाइम चालत नाही, ओव्हरलॅप लागतो. शेतात दारं धरणारा माणूस पुढच्या वाफ्याचं दारं आधी फोडतो आणि मग मागचं बुजवतो, नाहीतर पाट फुटतो, तसंच हे. ओव्हरलॅपच्या त्या क्षणी दोन फेजचे स्विच एकदम चालू असतात. त्यामुळे उलटा व्होल्टेज अडवू शकणारेच स्विच इथे लागतात: एसजीसीटी, किंवा आयजीबीटीच्या सिरीजमध्ये डायोड.

गैरसमज: व्होल्टेज सोर्सचं साइन-त्रिकोण पीडब्ल्यूएम इथे जसंच्या तसं लावता येतं.

तिथे तीन लेग म्हणजे तीन स्वतंत्र सिग्नल. तेच इथे दिले, तर वरच्या गटातले दोन आणि खालचा एक असे तीन स्विच चालू होतात आणि दोन-स्विचांचा नियम मोडतो. खरं साम्य एक पायरी पुढे आहे. व्होल्टेज सोर्सचा लाइन-टू-लाइन व्होल्टेज धन, शून्य आणि ऋण अशा तीन पातळ्या घेतो. करंट सोर्सचा लाइन करंटही त्याच तीन घेतो. तो पॅटर्न लाइन करंटवर आणायचा आणि शून्य स्थिती कोणत्या लेगमध्ये ठेवायची हे वेगळ्या लॉजिकने ठरवायचं. ही निवड नीट केली, तर स्विचिंगही वाचतं.

गैरसमज: स्विचिंग जितकं जास्त तितकं चांगलं, आणि स्पेस व्हेक्टर ही सर्वात वरची पद्धत.

मोठ्या शक्तीच्या ड्राइव्हमध्ये स्विचिंग लॉसमुळे वारंवारता काही शे हर्ट्झच्या पुढे फारशी नेता येत नाही. पीडब्ल्यूएम नसलेल्या, सहा पायऱ्यांच्या करंटमध्ये पाचवं हार्मोनिक मूळ घटकाच्या 20 टक्के आणि सातवं सुमारे 14 टक्के असतं. आता 50 हर्ट्झला अर्ध्या सायकलमध्ये सात पल्स घ्या. स्विचिंग होतं फक्त 350 हर्ट्झ. पण पल्सचे कोन आधी गणित करून निवडले, तर पाचवं, सातवं आणि अकरावं ही तिन्ही हार्मोनिक्स पार काढून टाकता येतात. ही सिलेक्टिव्ह हार्मोनिक एलिमिनेशन पद्धत. कोन तक्त्यात साठवलेले असतात, त्यामुळे क्षणाक्षणाला बदल करणं तिला जमत नाही. स्पेस व्हेक्टरला ते सहज जमतं, पण एवढ्या कमी स्विचिंगवर तिच्यात खालची हार्मोनिक्स थोडी उरतात.

उरली तर काय बिघडलं? इथेच खरी मेख आहे. इन्व्हर्टरच्या आउटपुटला कॅपॅसिटर लावावेच लागतात, कारण मोटरचा इंडक्टन्स करंटला उड्या घेऊ देत नाही. ते कॅपॅसिटर आणि मोटर मिळून एक रेझोनन्स तयार करतात. मोटरचा वेग बदलला की हार्मोनिक्सही सरकतात आणि एखादं नेमकं त्या रेझोनन्सवर येऊन बसलं, तर छोटा अवशेषही मोठा होतो. म्हणून वेगानुसार पद्धत बदलतात: कमी वेगाला ट्रॅपेझॉइडल पीडब्ल्यूएम, जास्त वेगाला हार्मोनिक एलिमिनेशन. माझ्या मते निवडीत रेझोनन्स आधी बघावा, पद्धतीचं नाव नंतर.

गैरसमज: करंटचं प्रमाण पीडब्ल्यूएमनेच ठरतं.

ठरवता येतं, पण चोकमध्ये पूर्ण करंट ठेवून शून्य स्थितीने तो कमी करत बसलं, तर हलक्या लोडलाही चोक आणि स्विच तापतच राहतात. म्हणून ड्राइव्हमध्ये बहुधा रेक्टिफायरच डीसी करंट कमी-जास्त करतो आणि इन्व्हर्टरचा मॉड्युलेशन इंडेक्स वरच ठेवतात. यात प्रतिसाद मंदावतो, कारण चोकचा करंट झटकन बदलत नाही.

गैरसमज: करंट सोर्स आता इतिहासजमा.

चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरची, ±500 केव्हीची, 1500 मेगावॉटची डीसी लाइन करंट सोर्स प्रकारचीच आहे. तिच्यात पीडब्ल्यूएम मात्र नाही. तिच्यातले थायरिस्टर गेटने बंद करता येत नाहीत, त्यामुळे सगळं नियंत्रण फायरिंग अँगलवर चालतं. पीडब्ल्यूएमचे करंट सोर्स ड्राइव्ह मोठे पंप, पंखे आणि कॉम्प्रेसर चालवतात. मोटरला जवळजवळ साइन आकाराचा व्होल्टेज मिळतो, लांब केबलचा त्रास होत नाही आणि शॉर्ट झाल्यास चोक करंटची वाढ रोखतो. आता गॅलियम नायट्राइडचे दोन्ही दिशांना व्होल्टेज अडवणारे स्विच आले आहेत. त्यांना सिरीज डायोड लागत नाही, म्हणजे त्याचा लॉसही गेला. शिवाय स्विचिंग कित्येक पट वेगाने करता येत असल्याने चोकचा आकार कमी करता येतो.