गोठा, शेडमधील उजेडाचे पत्रे का तडकतात?

गोठा, कुक्कुटपालन शेड किंवा धान्याच्या गोदामात दिवसा उजेड मिळावा म्हणून छतात लोखंडी पत्र्यांच्या जोडीने एक-दोन पारदर्शक पत्रे बसवले जातात. विजेची बचत होते, जमीन कोरडी राहण्यास मदत होते. मात्र दोन-तीन वर्षांतच स्क्रूजवळ तडे जातात, पहिल्याच वळिवाला पाणी गळते आणि खालचा चारा किंवा धान्याची पोती भिजतात. बहुतेक वेळा दोष पत्र्याच्या दर्जाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी चूक बसवण्याच्या पद्धतीत असते. तापमानानुसार पत्रा लांबतो व आखडतो, त्यासाठी जागाच ठेवलेली नसते.

पत्रा किती हलतो?

विदर्भ, मराठवाड्यात हिवाळ्यात पहाटे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या आसपास येते. मे महिन्यात दुपारच्या उन्हात छताचा पत्रा 60 अंशांपर्यंत तापू शकतो. म्हणजे वर्षभरात 50 अंशांचा फरक पडतो. एवढ्या फरकाने 3 मीटर (सुमारे 10 फूट) लांबीच्या पत्र्यात होणारा बदल साधारण असा असतो :

- लोखंडी पत्रा : सुमारे 2 मि.मी.
- फायबरचा पत्रा : सुमारे 4 मि.मी.
- पॉलिकार्बोनेट पत्रा : सुमारे 10 मि.मी.

पॉलिकार्बोनेट लोखंडाच्या पाचपटीहून अधिक लांबतो. स्क्रूने घट्ट आवळल्यास त्याला सरकता येत नाही. मग उन्हाळ्यात पत्रा फुगून वर उचलला जातो, थंडीत आखडून छिद्राच्या कडेवर ताण येतो. हा ताण रोज पडत राहिल्याने तिथूनच तडा सुरू होतो. तापलेल्या पत्र्यावर अचानक वळीव कोसळला, की पत्रा एकदम आखडतो. जुन्या, उन्हाने ठिसूळ झालेल्या पत्र्यात तडा जाण्याची शक्यता त्या वेळी अधिक असते.

बसवताना घ्यावयाची काळजी

- स्क्रू थेट पत्र्यात घुसवू नये. खिळा ठोकूनही छिद्र पाडू नये. आधी ड्रिलने स्क्रूच्या जाडीपेक्षा 3 ते 4 मि.मी. मोठे छिद्र पाडावे. उदा. 6 मि.मी. स्क्रूसाठी 10 मि.मी. छिद्र. स्क्रू छिद्राच्या मध्यभागी यावा.
- छिद्र पूर्ण झाकेल असा रुंद रबरी वॉशर वापरावा. वॉशर टेकेपर्यंतच स्क्रू आवळावा. वॉशर चेपला किंवा पत्रा दबला तर स्क्रू थोडा सैल करावा.
- भर दुपारी किंवा कडाक्याच्या थंडीत पत्रा बसवू नये. मध्यम तापमानात बसवल्यास दोन्ही बाजूंच्या हालचालीला सारखी जागा मिळते.
- फार लांब अखंड पत्र्याऐवजी लहान पत्रे घ्यावेत. पत्रा जितका लांब, तितकी हालचाल जास्त.
- अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी बाजू वरच ठेवावी. ती फिल्मवर छापलेली असते. बसवल्यानंतर फिल्म लगेच काढावी.
- पत्र्याखालील लोखंडी पाइप उन्हात खूप तापतो. त्याचा पत्र्याला टेकणारा भाग पांढऱ्या रंगाने रंगवावा. रंग पूर्ण वाळल्यावरच पत्रा ठेवावा.

जनावरांना ऊन लागू नये

पारदर्शक पत्र्यातून उजेडाबरोबर उष्णताही येते. असे पत्रे छताच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावेत. गव्हाण व जनावरे उभी राहण्याची जागा टाळून ते मधल्या वाटेवर, शक्यतो उत्तरेकडील उतारावर घ्यावेत.

गळती की दव?

हिवाळ्यात पाऊस नसताना पहाटे पत्र्यातून थेंब पडत असतील, तर ती गळती नाही. जनावरांचा श्वास व मूत्रामुळे आत साचलेली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते. अशा वेळी सीलंट भरून उपयोग होत नाही. आढ्याजवळून हवा बाहेर जाण्यास वाट ठेवावी.

देखभाल आणि सुरक्षितता

- वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व हिवाळ्याच्या सुरुवातीस, प्रत्येक स्क्रू व वॉशर तपासावा.
- धूळ सौम्य साबणाच्या पाण्याने, मऊ कापडाने काढावी. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये.
- पॉलिकार्बोनेटसाठी न्यूट्रल सिलिकॉन सीलंट घ्यावे. आंबट वासाचे साधे सिलिकॉन वापरू नये.
- पारदर्शक पत्र्यावर कधीही पाय ठेवू नये. वरून शाबूत दिसणारा जुना पत्रा माणसाच्या वजनाने क्षणात तुटतो. धूळ बसल्यावर तो लोखंडी पत्र्यांत ओळखूही येत नाही. दुरुस्ती शक्यतो खालून शिडीवरून करावी. वर जावेच लागले, तर दोन-तीन पाइपांवर टेकेल अशी मजबूत फळी टाकावी आणि कमरेला दोर बांधावा.

पत्रा पिवळा, पांढुरका किंवा ठिसूळ झाला असेल, तर डागडुजी न करता तो बदलावा. नवा पत्रा बसवणाऱ्या कारागिराला मोठ्या छिद्राचे कारण आधीच समजावून सांगावे आणि काम सुरू असताना स्वतः हजर राहावे.