मालमोटारीच्या चालकाचे तास व त्याचा मोबदला

चैत्र-वैशाखाचे ऊन चढू लागले की खानदेशातील कोणताही जाणता शेतकरी भर दुपारी बैल जुंपलेले ठेवीत नाही. जू उतरवून तो जनावरास सावलीत बांधतो, पाणी दाखवितो, आणि ऊन कलल्यावर पुन्हा कामास लागतो. हे तो दयेने करतो तसेच हिशेबानेही करतो. कारण दमलेला बैल सरळ तास काढीत नाही, आणि एकदा बसलेला बैल सारा हंगाम बुडवितो. सरकारनेही हाच व्यवहार सन १९६५ मध्ये नियमांत बसविला. ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी केलेल्या त्या नियमांप्रमाणे जनावराकडून दिवसातून एकूण ९ तासांहून अधिक, किंवा विसाव्यावाचून सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. आणि जेथे उष्णमान ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्यास कामास लावता येत नाही.

आता याच शेतकऱ्याच्या बांधाशी उभ्या असलेल्या मालमोटारीकडे वळू. तिला ओढणारे इंजिन थकत नाही, ही गोष्ट खरी; परंतु ते इंजिन ज्याच्या हाती आहे तो मनुष्य थकतो. बैलाचे तास आपण मोजतो, मग या मनुष्याचे तास कोण मोजतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पांझरेच्या उत्तर तीरावरील आमचे देवपूर हे या प्रश्नाचा विचार करण्यास फार सोयीचे ठिकाण आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना हमरस्ता धुळे शहरातून पांझरा ओलांडून देवपुरास येतो, आणि पुढे सोनगीर, नरडाणा, शिरपूर करीत पळासनेरपाशी मध्यप्रदेशात उतरतो. सुरत-नागपूर रस्ता त्यास धुळ्यासच छेदतो आणि सोलापूरचा रस्ताही येथूनच फुटतो. त्यामुळे उत्तरेस जाणारा नाशिककडील कांदा काय, किंवा मुंबईस जाणारा माळव्यातील माल काय, या ना त्या वेळी आमच्या शिवेवरून जातोच.

मागील कांद्याच्या हंगामात शहराबाहेरील एका ढाब्यावर अशाच एका चालकाशी आमचे बोलणे झाले. "दादा, तुमचे काम दिवसाला किती तासांचे?" असे विचारता तो हसून म्हणाला, "भाऊ, गाडी भरली की आमचा दिवस उगवतो. सकाळी सातला गाडी लावली, रात्री आठला भरून निघाली. मालक म्हणतो, दिवसभर तर झोपलाच होतास, आता हाण रात्रभर. पण तापलेल्या पत्र्याखाली, दर घटकेला 'गाडी पुढे घे, मागे घे' अशा हाका चालू असताना झोप कसली लागते?"

या उत्तरात सर्व विषयाचे सार आहे. सकाळच्या सातापासून रात्रीच्या आठापर्यंत १३ तास होतात. हे १३ तास चालकाने गाडी हाकली नाही; परंतु विश्रांतीही घेतली नाही. ज्या वेळी इतर माणसांचा दिवस संपतो त्या वेळी त्याचा खरा प्रवास सुरू झाला.

कायदा याविषयी मुका नाही. चालकाच्या तासांना मर्यादा सन १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासूनच आहे. पुढे सन १९६१ मध्ये मोटार परिवहन कामगार अधिनियम झाला. त्याने दिवसास ८ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गावर, अधिकाऱ्याच्या संमतीने, ती १० व ५४ पर्यंत वाढविता येई. सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची विश्रांती, आठवड्याची सुटी आणि जादा तासांस दुप्पट मजुरी, असे त्याचे मुख्य कलम होते. वाचकांच्या ध्यानात येईल की बैलाचे पाच तास व चालकाचे पाच तास या दोन कायद्यांत सारखेच आहेत. भेद एवढाच की बैलाचा धनी जवळ उभा असतो व त्यास बैलाचा श्वास ऐकू येतो. चालकाचा धनी मात्र शंभर कोसांवर असतो.

या अधिनियमात दोन उणिवा होत्या. पहिली अशी की, मालकाच्या किंवा चालकाची सेवा मागण्याचा हक्क असलेल्या अन्य कोणाच्या स्वाधीन असलेला सर्व वेळ कामाचा, अशी उदार व्याख्या करूनही, थांब्यावरील नुसत्या हजेरीविषयी तीत पंधरा मिनिटांहून कमी अवधीचाच उल्लेख होता. त्यामुळे वाट पाहण्यात गेलेला दीर्घ वेळ कामाचा की विश्रांतीचा, या वादास जागा राहिली. दुसरी उणीव अशी की, हा अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यासच आपोआप लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्याबाहेर राहिला, आणि आपल्या भागात गाडी पाहावी तर बहुधा अशाच लहान मालकाची असते. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. तीतही दिवसाच्या ८ तासांचे तत्त्व आहे. परंतु कामगारसंख्येची अट पाचावरून दहावर गेली आहे. म्हणजे कायद्याचे छप्पर नवे झाले, पण त्याखाली उभे राहण्यास जागा कमी झाली.

मोबदल्याची गोष्ट याहून निराळी नाही. चालकास पगार द्यावयाच्या दोन रीती रूढ आहेत. एकीत ठरीव मासिक पगार व वर प्रवासाचा भत्ता मिळतो. दुसरीत खेपेचे उक्ते पैसे ठरतात. उक्त्या पद्धतीत गाडी जितकी धावेल तितकी कमाई, आणि उभी राहील तितका तोटा. अशा स्थितीत बांधावर गेलेले तास चालक कोठून भरून काढणार? जेवणातून थोडे, आणि झोपेतून पुष्कळ. बाजार समितीच्या आवारात पोते उचलणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्रात सन १९६९ पासून माथाडी कायदा आहे आणि त्यान्वये स्थापन झालेली मंडळे आहेत. तेच पोते हजार किलोमीटर वाहून नेणाऱ्याच्या पाठीशी असे मंडळ नाही. तथापि सन २०१९ ची वेतन संहिता, जी याच २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिच्यात किमान वेतनास कामगारांच्या संख्येची अट नाही, हे आमच्यापैकी जे शेतीबरोबर एखादी मालमोटार बाळगतात त्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

आणखी एक जुनी सोय नाहीशी झाली आहे. राष्ट्रीय परवान्याच्या जड मालमोटारीवर दोन चालक असावेत, व एकास पाय पसरून निजता येईल अशी बैठक दुसऱ्याच्या मागे असावी, असा केंद्रीय नियम होता. सन २०१८ मध्ये दुसऱ्या चालकाची ही सक्ती काढून टाकण्यात आली. दिनांक १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असणे आवश्यक केले आहे. आमच्या भागातील वैशाख ज्याने पाहिला आहे तो या सुधारणेचे स्वागतच करील. परंतु गारवा म्हणजे झोप नव्हे.

एक साधा हिशेब मांडू. रावेरकडून केळी दिल्लीस जावयाची आहे. अंतर सुमारे ११०० किलोमीटर धरू. घाट, नाके व गर्दी मिळून ताशी सरासरी ४० किलोमीटर पडले, तर नुसते हाकण्याचे साडेसत्तावीस तास झाले. एकट्या चालकाने दिवसास ८ तास हाकले तर गाडी चौथ्या दिवशी पोहोचेल; दोघे आळीपाळीने बसले तर दीड दिवसाच्या आत. आता समजा, गाडी एकाच चालकाची आहे, ती बांधावरून रात्री आठास सुटली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मंडईत लागलीच पाहिजे असा आग्रह आहे. सुटण्यापासून पोहोचण्यापर्यंत हाती फक्त ३२ ते ३४ तास राहतात. साडेसत्तावीस तास हाकून उरलेल्या वेळात जेवण, डिझेल व झोप यांची वाटणी कशी होत असेल, हे वाचकांनीच करून पाहावे. हा करार ज्यांनी केला त्यांपैकी कोणी दुष्ट नसेल. पण अपघात मात्र त्या करारातच लिहिलेला आहे.

युरोपातील राष्ट्रांनी हा विचार पुढे नेला आहे. तेथील सन २००६ च्या नियमावलीप्रमाणे साडेचार तास हाकल्यावर ४५ मिनिटांचा विसावा घ्यावाच लागतो, दिवसाची सामान्य मर्यादा ९ तास आहे, आणि गाडीतील यंत्र हे सर्व नोंदवून ठेवते. परंतु आम्हांस विशेष वाटतात ती दुसरी दोन कलमे. रस्त्यावरील सुरक्षिततेस धोका येईल अशा रीतीने अंतरावर किंवा वेगावर चालकास बक्षीस देण्यास तेथे मनाई आहे. आणि माल पाठविणारानेही विश्रांतीच्या नियमांत बसेल असेच वेळापत्रक ठरवावे, अशी जबाबदारी त्याच्यावर आहे. माल पाठविणारा म्हणजे कोण? आपल्याकडे तो कधी व्यापारी असतो, आणि पुष्कळदा आपणच असतो.

यावर कोणी म्हणेल, "गाडी व्यापारी ठरवितो, भाडे तो देतो, आमचा काय संबंध? शिवाय आम्हांसच भाव मिळत नाही, तेथे दुसऱ्याच्या पगाराची काळजी आम्ही का वाहावी?" हा आक्षेप खोटा नाही. परंतु गाडी भरण्याचा वेळ आपल्या हाती आहे, आणि तो वाचविण्यास दमडी पडत नाही. उलट तो वाया गेल्यास कापलेला घड उन्हात पडतो व वजनात तूट येते, ती आपलीच. दुसऱ्या चालकाचा खर्चही ताडून पाहावा. गाडीत १६ टन, म्हणजे १६० क्विंटल माल आहे आणि दुसऱ्या चालकास खेपेचे ३२०० रुपये पडले असे समजू. तर क्विंटलमागे २० रुपये झाले, आणि तेही शेतकरी, व्यापारी व गिऱ्हाईक यांच्यात वाटले जातील. गाडी उलटली तर एका क्षणात जे जाते त्याच्यापुढे ही रक्कम काय आहे?

अपघाताची आठवण करून द्यावी लागते याचे वाईट वाटते. सन २०२१ च्या फेब्रुवारीत यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेली मालमोटार रात्री उलटली, आणि त्याच गाडीतून घराकडे परतणारे किमान पंधरा मजूर मृत्युमुखी पडले. त्या अपघाताचे नेमके कारण काहीही असो. रात्रीची वेळ, भरलेला माल आणि मालावर बसलेली माणसे हा मेळ आमच्या शेतांवरूनच जमून निघतो, एवढे कबूल केले पाहिजे.

यास्तव आमच्या सभासद बंधूंस पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, मजूर, काटा, कॅरेट व कागदपत्र यांची तयारी झाल्यावाचून गाडी बोलावू नये. अर्धा माल कापून झाल्यावर गाडी लावली, तर चालकास तितके तास विश्रांती मिळते.

दुसरी, गाडी आल्याची व भरून सुटल्याची वेळ बिल्टीवर लिहावी. ही नोंद असेल तर वाट पाहण्याचा वाद तोंडी राहत नाही.

तिसरी, भराईस योग्य अवधी ठरवावा, आणि त्यापुढे गाडी अडली तर हॉल्टिंग द्यावे. त्यातील ठरीव भाग चालकाच्या हाती जावा. असे झाले म्हणजे त्याचा वेळ फुकट आहे असे कोणासच वाटणार नाही.

चौथी, लांबच्या खेपेस दोन चालक आहेत काय हे विचारावे. एकच असेल तर पोहोचण्याची वेळ त्याप्रमाणे सैल ठेवावी. भरलेल्या गाडीवर मजूर बसवू नयेत.

पाचवी, ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांनी पगार व भत्ता वेगळे मांडून वही ठेवावी, आणि आठवड्याची सुटी द्यावी. आमच्या संस्थेने माल गोळा होतो तेथे चालकांसाठी एक सावलीची खोली, पाणी, शौचालय व चार खाटा यांची सोय केल्यास तो खर्च सत्कारणी लागेल.

खानदेशातील कोरडवाहू गावांत आता असे घर विरळा की ज्याचा कोणी मुलगा, पुतण्या वा भाचा चाकामागे बसलेला नाही. बांधावर आलेल्या अनोळखी चालकास आपण आज जे वागवू, तेच दूर कोठे तरी आपल्या माणसास कोणी वागवीत असेल. बैलास आपण उन्हात उभे करीत नाही, आणि ते सांगण्यास कोणा कायद्याची वाट आपण पाहिली नव्हती. चालकाच्या बाबतीत कायदा येऊन साठ वर्षे लोटली. आता आपली पाळी आहे.