शाळेच्या जागा वाढल्या, पण कोणासाठी?

एखादी नामांकित शाळा विस्तारणार, तिच्यात आणखी काही मुलांची सोय होणार, ही वार्ता कोणत्याही गावी आनंदाचीच मानली जाते. ज्या घरात दहा-अकरा वर्षांचे मूल आहे, तेथे तर तिचे विशेष स्वागत होते. शाळा सर्वांस खुली असेल, तर हा आनंद यथार्थही आहे. परंतु शाळा जर परीक्षा घेऊन निवडक मुलांनाच दाराच्या आत घेणारी असेल, तर आनंदाबरोबर एक प्रश्नही मनात उभा राहिला पाहिजे: ह्या नव्या जागा कोणत्या घरांतील मुलांना मिळणार, आणि ज्यांना त्या मिळणार नाहीत त्यांच्या शाळांचे काय होणार?

हा प्रश्न कोणत्याही एका देशाचा नाही. तथापि इंग्लंडमध्ये सार्वजनिक निर्णयांचा समतेवर काय परिणाम होईल, याचे आधी मूल्यमापन करण्याची रीत कायद्याने रूढ झाली आहे. म्हणून तेथील एका शाळेचे उदाहरण आपण नीट पाहू. त्यातून आपल्यालाही घेण्याजोगे पुष्कळ आहे.

अकराव्या वर्षीची चाळणी

इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांस विनामूल्य झाले. त्यानंतरच्या काळात बहुतेक ठिकाणी मुलांची अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेण्यात येई. तीत वरचे गुण मिळवणारी मुले ‘ग्रामर स्कूल’मध्ये जात आणि उरलेली बहुसंख्य मुले ‘सेकंडरी मॉडर्न’ नावाच्या शाळांत. पहिल्या वाटेने विद्यापीठ गाठता येई. दुसरी वाट सामान्यतः लवकरच कामधंद्याकडे वळे. एवढ्या कोवळ्या वयात मुलांचे भवितव्य ठरवावे काय, असा वाद पेटला. १९६५ साली शासनाने एका परिपत्रकाद्वारे सर्व मुलांसाठी समान शाळा उभारण्याची विनंती स्थानिक शिक्षणसंस्थांना केली, आणि पुढील वर्षांत बहुतेक परगण्यांतून ही चाळणी नाहीशी झाली.

बहुतेक परगण्यांतून, सर्वांतून नव्हे. आजही इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा आहेत, आणि केंट परगण्यात तर ही व्यवस्था जवळजवळ पूर्वीसारखीच चालू आहे. १९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढण्यास मनाई केली. परंतु असलेली शाळा वाढवण्यास मनाई केली नाही. आपल्या गोष्टीचे मूळ नेमके ह्या फटीत आहे.

सेव्हनओक्सची मागणी

केंट परगण्यातील सेव्हनओक्स हे लंडनपासून फार दूर नसलेले, एकंदरीत सुखवस्तू गाव. तेथे ग्रामर शाळा नव्हती. परीक्षा उत्तीर्ण झालेली त्या भागातील हजाराहून अधिक मुले रोज टनब्रिज आणि टनब्रिज वेल्स येथील शाळांकडे ये-जा करीत. आपल्या गावीच सोय व्हावी, अशी पालकांनी मागणी केली, आणि २०१२ साली परगण्याच्या मंडळाने तिला पाठिंबा दिला. मागणी अवाजवी होती असे म्हणता येणार नाही. दप्तर पाठीवर घेऊन पहाटे बस गाठणाऱ्या मुलाचे कष्ट कोणत्याही आईबापांना समजतात.

कायदा नव्या शाळेस आड येत असल्याने जुन्या शाळेची शाखा काढण्याचे ठरले. टनब्रिजची वील्ड ऑफ केंट ही मुलींची ग्रामर शाळा त्यासाठी पुढे आली. तिने प्रथम मुलगे व मुली दोघांसाठी शाखा योजली. परंतु मूळ शाळा केवळ मुलींची असताना शाखा मिश्र असेल, तर ती शाखा न राहता नवीच शाळा ठरेल, या अडचणीवर योजना अडली. मग केवळ मुलींसाठी सुधारलेली योजना आली. तत्कालीन शिक्षणमंत्री निकी मॉर्गन यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये तिला मान्यता दिली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ४५० विद्यार्थिनींसाठी योजलेली शाखा उघडली. गावातील मुलग्यांना मात्र आणखी चार वर्षे थांबावे लागले. २०२१ साली टनब्रिज वेल्सच्या मुलग्यांच्या ग्रामर शाळेने सेव्हनओक्सला आपली शाखा काढली, तेव्हा कोठे त्यांची सोय झाली.

कायदा काय विचारतो?

शाळेचा विस्तार करणाऱ्यांपुढे २०१० चा समता कायदा उभा असतो. त्याचे १४९ वे कलम सार्वजनिक संस्थांना सांगते की, निर्णय घेताना तीन गोष्टींचा मनःपूर्वक विचार करा: भेदभाव नष्ट करणे, संधीची समता वाढवणे आणि निरनिराळ्या समाजगटांतील सलोखा वाढवणे. लिंग, वंश, धर्म किंवा श्रद्धा, अपंगत्व आदी नऊ वैशिष्ट्ये कायद्याने संरक्षित मानली आहेत. त्यांपैकी शाळेला लागू पडणाऱ्या प्रत्येक वैशिष्ट्याचे नाव घेऊन विचारावयाचे की, ह्या निर्णयाने त्या गटातील मुलांचे बरे होईल की वाईट, आणि वाईट होणार असेल तर त्यावर उपाय कोणता?

हे प्रश्न कागदी आहेत असे समजू नये. बर्मिंगहॅम शहरात निवडक शाळांतील मुलग्यांच्या जागा मुलींच्या जागांपेक्षा पुष्कळ अधिक होत्या. त्यामुळे प्रवेश मिळवण्यासाठी मुलींना मुलग्यांहून अधिक गुण मिळवावे लागत. हा मुलींवरील बेकायदेशीर भेदभाव होय, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८९ साली दिला. शहराच्या मंडळाचा हेतू भेदभाव करण्याचा नव्हता, हे उत्तर न्यायाधीशांनी मान्य केले नाही. हेतू कोणताही असो, मुलींच्या वाट्याला काय आले हे पाहा, असा त्या निर्णयाचा आशय होता. समतेच्या मूल्यमापनाचे सारे मर्म ह्या एका विचारात आहे.

कायदा काय विचारत नाही?

परंतु वाचकहो, त्या नऊ वैशिष्ट्यांची यादी पुन्हा एकदा नजरेखालून घातली, तर एक गोष्ट तीत सापडत नाही. ती म्हणजे दारिद्र्य. २०१० च्या त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात सामाजिक व आर्थिक विषमतेचाही विचार करण्याचे कर्तव्य नमूद आहे. स्कॉटलंडने २०१८ मध्ये व वेल्सने २०२१ मध्ये ते अमलात आणले. इंग्लंडमध्ये ते कलम कागदावरच राहिले.

आणि निवडक शाळांच्या दारात खरी दरी आहे ती तेथेच. इंग्लंडमध्ये अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांना शाळेत दुपारचे जेवण मोफत मिळते. त्यावरून शाळेत गरीब मुले किती, हे मोजण्याची रीत आहे. २०१६ च्या सुमारास सर्व शासकीय माध्यमिक शाळांत अशा मुलांचे प्रमाण तेरा-चौदा टक्के होते, तर ग्रामर शाळांत ते अडीच-तीन टक्केच भरत होते. ज्या घराला खासगी शिकवणी परवडते, ज्या घरात संध्याकाळी मुलाजवळ बसून सराव करवून घेणारे कोणी असते, त्या घरचे मूल परीक्षेच्या दिवशी कित्येक महिने पुढे असते. शिकवणीचा प्रभाव कमी व्हावा म्हणून केंटने २०१४ मध्ये परीक्षेचे स्वरूपही बदलले. पण प्रश्नपत्रिका बदलली म्हणून घर बदलत नाही.

आणखी एक गंमत पाहा. केंटच्या परीक्षेत मुलाच्या वयानुसार गुणांत समायोजन केले जाते. तेथील शालेय वर्ष सप्टेंबरात सुरू होते. म्हणून ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल आपल्याच वर्गातील सप्टेंबरात जन्मलेल्या मुलाहून जवळजवळ वर्षाने लहान असते. त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून ही तजवीज. म्हणजे कच्चे गुण हाच अंतिम न्याय नव्हे, हे तत्त्व परीक्षा घेणाऱ्यांनी स्वीकारलेलेच आहे. अकरा महिन्यांच्या अंतराची दखल घेता येते, तर शिकवणीवाचून परीक्षेस बसलेल्या मुलाच्या परिस्थितीची का घेऊ नये?

शेजारच्या शाळेचा हिशोब

विस्ताराचा परिणाम केवळ वाढलेल्या शाळेतच शोधणे ही मोठी चूक आहे. केवळ समजण्यासाठी काही कल्पित आकडे घेऊ. एका गावात दरवर्षी ३०० मुले माध्यमिक शाळेत जातात. १०० मुले निवडक शाळेत जातात, त्यांत गरीब घरची ३. उरलेली २०० मुले इतर शाळांत जातात, त्यांत गरीब घरची ३०. म्हणजे शेकडा १५. आता निवडक शाळेने ५० जागा वाढवल्या. निवड पूर्वीच्याच रीतीने झाली, तर ह्या ५० जागांत गरीब घरची एक किंवा दोन मुले येतील. इतर शाळांत आता १५० मुले उरली. त्यांत गरीब घरची २८ किंवा २९. प्रमाण झाले शेकडा सुमारे १९.

पाहा, एकाही गरीब मुलाला कोणी दुखावले नाही. उलट एकदोघांना प्रवेशच मिळाला. तरीही इतर शाळांवरील भार वाढला, विद्यार्थी कमी झाल्याने त्यांना मिळणारा पैसाही घटला, अभ्यासात पुढे असलेले सोबती गेले आणि मागे राहिलेल्या मुलांच्या मनावर ‘आपण निवडले गेलो नाही’ हा शिक्का अधिक ठळक झाला. ज्या मूल्यमापनात ह्या मुलांची मोजदाद नाही, ते अपुरे होय.

दार रुंद करता येते

मग निवडक शाळा वाढवूच नये काय? असे एकदम म्हणण्याचे कारण नाही. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड ग्रामर शाळांनी अलीकडच्या दशकात अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी काही जागा राखून ठेवल्या आणि त्यांच्यासाठी पात्रतेचे गुण थोडे खाली आणले. २०१८ साली इंग्लंडच्या शासनाने निवडक शाळांच्या विस्तारासाठी ५ कोटी पौंडांचा निधी काढला, तेव्हा त्यातून पैसा मागणाऱ्या शाळेने गरीब मुलांना प्रवेश कसा वाढवणार आणि शेजारच्या शाळांना साह्य कसे करणार, याची योजना सादर करावी, अशी अट घातली. अट पुरेशी होती की नव्हती, यावर मतभेद आहेत. पण इमारतीआधी प्रवेशाचा विचार झाला पाहिजे, हे तीत मान्य झाले.

आपल्या देशातही ह्या विचाराची ओळख जुनी आहे. जवाहर नवोदय विद्यालये ही परीक्षेनेच प्रवेश देणारी विद्यालये. त्यांतील पहिली दोन १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रायोगिक म्हणून निघाली. तेथे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, किमान एकतृतीयांश मुलींसाठी आणि लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेल्या असतात. निवास-भोजनाची सोयही असते. गुणवत्तेची निवड आणि समतेची काळजी एकाच नियमावलीत बसू शकतात, हे त्यावरून दिसते. तरी सावध राहावयास हवेच. ग्रामीण म्हणजे गरीब असे नव्हे. बागाईतदाराचा मुलगा आणि ऊसतोड मजुराचा मुलगा दोघेही ‘ग्रामीण’ याच रकान्यात मोडतात. पण त्यांची परीक्षेची तयारी सारखी नसते.

आपण काय विचारावे?

उद्या आपल्या जिल्ह्यात अशी एखादी शाळा वाढणार असेल, तर पालकसभेत पुढील प्रश्न अवश्य विचारा. ह्या भागात कोणकोणत्या घरांतील मुले राहतात, आणि त्यांपैकी कितीजण अर्जच करीत नाहीत? अर्ज केलेल्यांपैकी परीक्षेस किती बसतात, उत्तीर्ण किती होतात आणि प्रत्यक्ष प्रवेश किती घेतात? कोणत्या पायरीवर कोणती मुले गळतात? येण्याजाण्याचा, गणवेशाचा खर्च कोणाला अडवतो? अपंग मुलास परीक्षेत आवश्यक ती सवलत मिळते काय? शेजारच्या शाळांचे शिक्षक आणि निधी टिकून राहतील काय? आणि शेवटचा प्रश्न: तीन वर्षांनी हे सारे पुन्हा कोण मोजणार?

प्रत्येक प्रश्नाला आकड्यांत उत्तर मागावे. ‘सर्वांना समान संधी आहे’ हे वाक्य उत्तर म्हणून स्वीकारू नये. कारण परीक्षेचे दार सर्वांना उघडे असले, तरी त्या दारापर्यंतची वाट कोणाला डांबरी असते, तर कोणाला चिखलाची.

आपले मूल निवडले गेले, तर त्याचे कौतुक जरूर करावे. ते त्याच्या श्रमाचे फळ आहे. मात्र त्याच बाकावर कालपर्यंत बसणारा, आज मागे राहिलेला त्याचा सोबतीही आपल्याच गावाचा आहे. शाळा वाढवण्याच्या निर्णयात त्याचाही हिशोब मांडला गेला असेल, तरच तो विस्तार साऱ्या गावाचा म्हणता येईल.